लेबलं खरवडणाऱ्या काकी

घर दाखवायच्या आधी काकींनी माझं सामान बघून घेतलं. टेम्पो अजून रस्त्यावरच उभा होता. मी सांगलीहून मालवणला बदली होऊन आलेली बँकेतली बाई. कडेवर झोपलेली चार वर्षांची सई, नवरा नोकरीसाठी पुण्यात. घरमालकीण भाडं, पाणी, विजेचं मीटर असलं काहीतरी बोलेल, असं मला वाटलं होतं. काकी सरळ टेम्पोच्या मागे गेल्या, स्वयंपाकाच्या खोक्यात हात घातला आणि एक प्लॅस्टिकची बरणी बाहेर काढली. बरणीवर लोणच्याचं लेबल होतं.

"हेच्यात लोणचा आसा?"

"नाही, मीठ आहे," मी म्हणाले.

"मगे तेच्यार लोणचा कित्या लिवलला आसा?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी एकेक करून सगळं खोकं रिकामं केलं. बोर्नव्हिट्याच्या डब्यात तूरडाळ, कॉफीच्या बाटलीत हिंग, मधाच्या बाटलीत खोबरेल. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या आणि मी सांगायची, आणि प्रत्येक उत्तरागणिक मला उगाचच चोरी पकडल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी त्या म्हणाल्या, "खोली घे. पण ही लेबलां आदी काढूक व्हयी. नायतर नको."

अशी माझी त्या घरात सुरुवात झाली. घर मालवणहून कुडाळला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, माडांच्या वाडीत. पुढे पडवी, मधे काका-काकी, मागच्या दोन खोल्या भाड्याच्या. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन बांद्याला गेलेली. सगळी वाडी त्यांना काकीच म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले.

काकी उंच, हाडकुळ्या, बोलायला तुटक. सगळी नखं बारीक कापलेली, फक्त उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. त्या नखाने त्या लेबलाचा कोपरा उचलायच्या. पहिल्या रविवारी त्यांनी मला मागच्या अंगणात बसवून घेतलं आणि माझ्याच बरण्यांवर शिकवायला सुरुवात केली. कागदी लेबल असेल तर साधं गरम पाणी पुरतं, भिजलं की सालीसारखं निघून येतं. चकचकीत प्लॅस्टिकचं लेबल बाहेरून कितीही भिजवा, ढिम्म हलत नाही. त्यासाठी बाटलीच्या आत गरम पाणी भरायचं, मग मागचा गोंद आतून सैल होतो. स्टीलच्या भांड्यावरचा स्टिकर गॅसवर दोन क्षण धरायचा. प्लॅस्टिकला मात्र उष्णता दाखवायची नाही, त्याला तेलच लावायचं. आणि ओढायचं ते हळूहळू.

"घाई करू नको गो," त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणायच्या. "फाटला काय अर्धा ऱ्हवता."

लेबल निघालं की उरतो तो चिकटा. धूळ बसून काळा होणारा, बोटाला लागणारा. आपण बहुतेक जण तिथेच सोडून देतो. काकी तिथून खऱ्या कामाला लागायच्या. खोबरेल आणि खायचा सोडा एकत्र करून त्याचा लेप लावायचा, थोडा वेळ ठेवायचा, मग काथ्याने गोल गोल घासायचं. मग त्या डोळे मिटून बाटलीवरून तळहात फिरवायच्या. कुठे जरा जरी चिकट लागलं, की पुन्हा लेप. त्यांच्या हातांना कायम त्या तेलाचा वास यायचा. थिनरने चिकटा चुटकीसरशी जातो हे त्यांना माहीत होतं, पण असला पदार्थ त्यांनी घरात येऊ दिला नाही. अगदीच चिवट काही असलं तर बाटली घेऊन त्या खाडीवर होड्या रंगवणाऱ्यांकडे जायच्या आणि तिथल्या तिथे चिंधीवर चार थेंब मागून काम उरकून परत यायच्या.

"पण काकी, आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं ना," मी एकदा म्हटलं.

"भरलेलो डबो खरा बोलता," त्या म्हणाल्या. "रिकामो झालो काय खोटा बोलूक लागता. म्हणान काढूचा."

एवढं बोलून त्यांनी पुढची बाटली घेतली. 

हा नाद घरापुरता असता तर वाडीने फार मनावर घेतलं नसतं. पण काकींना दुसऱ्याच्या घरातही राहवत नसे. हळदीकुंकवाला गेल्या की वाण म्हणून मिळालेल्या वाटीवरचा स्टिकर त्या तिथेच, मांडी घालून, बायकांच्या घोळक्यात बसून काढायच्या. स्वतःच्या वाटीचा झाला की शेजारणीच्या वाटीकडे हात जायचा. कोणाच्या ओट्यावर रिकामी बाटली दिसली की बोलता बोलता अंगठ्याचं नख तिच्या कोपऱ्याला लागलेलं असायचं. बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. एक जण तर मुद्दाम एक रिकामी बाटली त्यांच्यासमोर आणून ठेवायची आणि बाकीच्या पदरात हसायच्या. काकींना ते कळायचं. तरी त्या लेबल काढायच्याच.

एकदा त्या काकांच्या पेन्शनच्या कामासाठी आमच्या बँकेत आल्या. काका बंदर खात्यात नोकरीला होते. काऊंटरवर डिंकाची बाटली होती, म्हणजे खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तिच्यात डिंक. काकींनी सहीचं विसरून ती बाटली हातात घेतली आणि थेट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"डिंक औषदाच्या बाटलेत कित्या ठेवलास?"

साहेब चांगले होते. हसून म्हणाले, "अहो काकी, डिंक कोण पिणार आहे?"

"पिणारो कोणाक इचारून पियत नाय," काकी म्हणाल्या.

केबिनच्या बाहेर सगळ्यांना हसू फुटलं. मी हसले नाही, कारण मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

त्यानंतर काय झालं कोण जाणे, पण त्यांची काळजी मला लागली. म्हणजे आजार लागावा तशी लागली. मी बँकेत नोटांची बंडलं बांधत असायची आणि मधेच मनात यायचं, फिनेल वरच्या फळीवर ठेवलं ना मी? झुरळांचं औषध सईच्या हाताला लागेल असं तर राहिलं नाही? सई दुपारी बालवाडीतून आली की काकींकडेच असायची. मी फोन करायची. दुसऱ्या कोणी मला वेडी म्हटलं असतं. काकी लगेच म्हणायच्या, "थांब हां, बगान येतंय." फोन तसाच चालू ठेवून त्या मागे जायच्या, फळी उघडल्याचा आवाज यायचा, मग पुन्हा फोनवर यायच्या. "वरच आसा. झाकण घट आसा." मग आम्ही दोघी क्षणभर काहीच न बोलता फोन धरून असायचो.

काकांविषयी मी अजून सांगितलं नाही. ते पडवीत आरामखुर्चीत बसलेले असायचे. गोरे, एके काळी धिप्पाड असावेत, आता अंगावर मांस नव्हतं. त्यांचा आवाज म्हणजे नुसती खरखर, ऐकायला जवळ जावं लागे. ते जेवत नसत. काकी त्यांच्यासाठी तांदळाची पेज करायच्या, पुरणयंत्रातून काढून, वर पुन्हा फडक्यातून गाळून. वाटीभर पेज प्यायला त्यांना तासभर लागायचा. घोटागणिक ते थांबायचे, मान थोडी तिरकी करायचे, मग घोट उतरायचा. काकी समोर बसून तो उतरेपर्यंत बघत राहायच्या. वर्षातून काही वेळा दोघं गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात जायची, गळ्याची वाट रुंद करून घ्यायला.

हे कसं झालं, ते मला बँकेत झाडलोट करणाऱ्या बाईकडून कळलं. ती आमच्याच वाडीची.

"दारू समजान ॲसिड प्याले," ती म्हणाली. "भर दुपारी. आदी पण घेयत असतले, कोणाक म्हायत. मोठ्या भावान तेवापासून घरात घेवक नाय. तो माळकरी ना."

काकांचे मोठे भाऊ खालच्या वाडीत, मूळ घरात राहायचे. गळ्यात तुळशीची माळ, घरात मांसमच्छीसुद्धा शिजत नसे. घराण्याचा गणपती त्यांच्याकडे बसायचा आणि काका धाकटे असले तरी पूजेला बसायचा मान आधी आळीपाळीने असे. त्या दुपारनंतर तो मान गेला. चतुर्थीला सगळी वाडी खाली जायची, आरत्यांचे आवाज वर ऐकू यायचे, आणि हे दोघं पडवीत बसून असायचे. मी आले त्या पहिल्या वर्षी मी भोळेपणाने विचारलं, तुम्ही नाही जाणार? काकांनी हात हलवून नाही म्हटलं. काकी उठून आत गेल्या.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या थोडं आधी काकांनी खिडक्यांचे गज रंगवायला काढले. खाऱ्या वाऱ्याने ते गंजून गेले होते. रंगारी बाहेरचा, काम चांगलं करणारा, गप्प माणूस. बँकेला सुट्टीचा शनिवार होता. दुपारी तो जेवायला गेला. काकी दुकानात गेल्या होत्या, काका आत पडले होते. सई पडवीत खेळत होती आणि मी मागे कपडे वाळत घालत होते.

काकींची हाक ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, काका गेले. तसा तो आवाज होता.

मी धावत पुढे आले. पडवीच्या कठड्यावर रंगाऱ्याची, विकतच्या पाण्याची बाटली होती, निळ्या लेबलाची, आणि काकी तिचं झाकण उघडून वास घेत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "थिनर," त्या म्हणाल्या. बाटली अर्धी रिकामी होती. कठड्याखाली चटईवर सई झोपली होती. ती दुपारची तशी झोपत नसे. मी तिला उचललं, तर तिच्या हातांना आणि फ्रॉकला तोच वास.

पुढचं मला नीट सलग आठवत नाही. मी तिला हलवत होते, हाका मारत होते. तिने डोळे उघडले, माझा चेहरा बघून घाबरली आणि रडायला लागली, खोकायला लागली. "काय प्यायलीस? सई, काय प्यायलीस तू?" मी ओरडत होते आणि ती आणखी जोरात रडत होती. मी तिला पालथी धरली आणि तिच्या घशात बोट घालायला गेले.

काकींनी माझं मनगट असं धरलं की नंतर कितीतरी दिवस तिथे वळ होता.

"वकूक लावू नको! जाताना जळता तां येताना परत जळता. बोट काड! काड म्हणतंय!"

काका अनवाणीच रस्त्यावर गेले होते. त्यांना ओरडता येत नव्हतं. ते रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले आणि पहिली आलेली रिक्षा त्यांनी अशीच थांबवली. रिक्षावाला वाडीतलाच होता. आम्ही सगळे कोंबून बसलो. सई माझ्या मांडीवर, काकी शेजारी, त्यांच्या हातात ती बाटली. मालवण काही लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर मला वाटायचं की आपण चुकीच्या रस्त्याला लागलो. सईचं रडणं थांबलं की मी घाबरायची, आणि ती खोकली की त्याहून घाबरायची. काकी तिच्या छातीवर हात ठेवून होत्या आणि ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं, पण त्या म्हणत होत्या, "श्वास घेता. घेता. आता पण घेता."

रिक्षावाला आरशातून मागे बघत होता. वाईट माणूस नव्हता, पण त्याला गप्प बसवेना.

"तुमच्या घराक बाटली काय सोसत नाय बगा," तो म्हणाला. "काका तेवा दारू समजान प्याले, आता ह्यां पोर..."

 काका त्याच्या शेजारी बसले होते. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने सईचं तोंड हुंगलं, घसा बघितला, छातीला नळी लावली, बोटाला मशीन लावलं. "उलटी झाली? करवलीत का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं केलंत. असलं काही पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही. फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो." मग ती जरा हसली. "श्वास छान आहे. तोंडाला वास येत नाहीये. पण संध्याकाळपर्यंत इथे ठेवू, एक एक्सरे काढू. आत्ता खायला-प्यायला काही देऊ नका."

मी तिथल्या बाकावर बसले. डॉक्टर कागदावर लिहीत होती. लिहिता लिहिता तिने नेहमीच्या सुरात विचारलं, "घरात याआधी असं कधी झालंय? कोणी चुकून काही प्यायलंय?"

काकांनी आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही? काय प्यायला होतात?"

"ॲसिड," काका त्यांच्या खरखरत्या आवाजात म्हणाले. "फरशी धुवूचा. मीच भरून ठेवललंय, मीच इसारलंय." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं असावं की ते पाठ केल्यासारखं बाहेर आलं.

"नाय," काकी म्हणाल्या.

दाराशी रिक्षावाला उभा होता. पलीकडच्या खाटेवर आमच्याच वाडीतली एक म्हातारी सलाईन लावून पडली होती, तिची सून शेजारी होती. काकींनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला वाटतं मुद्दाम आवाज वाढवला.

"ह्ये खोटा सांगतत. बाटली मी भरलंय. ॲसिडवालो सायकलीर येय, आपली बाटली दिवची लागा. माझ्याकडे लिंबूसोड्याची रिकामी बाटली होती, तीच दिलंय. लेबल तसाच होता. भरून घेतलंय आणि मोरीत न्हेवच्या आदी दूध उतू जाता म्हणान रांदपाच्या ओट्यार ठेवलंय. ह्ये उन्हातसून इले, तान लागलली. बाटली बगली आणि तोंडाक लावली." त्या थांबल्या. "पोटात दारवेचो थेंब नव्हतो. जन्मात कदी घेवक नाय."

"गप ऱ्हव गो," काका सईकडे बोट दाखवत म्हणाले. "चेडवाचा बग आदी."

"चेडू बरा आसा. इतकी वर्सां गप ऱ्हवलंय ना मी? लोकांनी दारू म्हटल्यांनी, मी गप. भावान घराभायर काडल्यान, मी गप. पोलीस खाटेकडे इलो, इचारल्यान बाटली कोणी भरली, ह्येंका बोलूक येय नव्हता, ह्येंनी आपल्या छातीर हात ठेवल्यानी. मी थयसरच उबी होतंय. तेवा पण गप."

 डॉक्टरने पेन खाली ठेवलं होतं. काकी रडत नव्हत्या. एखादं अवघड काम हातून सुटू नये म्हणून बोलावं तशा त्या घाईने, एकेक शब्द धरून बोलत होत्या. आणि बोलणं संपल्यावर पदराने तोंड पुसून त्या सईच्या पायाशी जाऊन बसल्या.

रिक्षावाला हळूच बाहेर गेला.

संध्याकाळकडे सईला भूक लागली. एक्सरे चांगला होता. तिची भीती गेल्यावर डॉक्टरने तिला मांडीवर घेऊन विचारलं, "बाटलीतलं पाणी काय केलंस गं तू?" सई म्हणाली, "बाहुलीला आंघोळ घातली. ते पाणी घाण होतं." घरी आलो तेव्हा तुळशीमागे बाहुली पडली होती. तिचे रंगवलेले डोळे, भुवया, ओठ सगळं पुसून गेलं होतं. मी हसायला लागले आणि मग मला हसू आवरेना, आणि त्याचं रडं कधी झालं ते कळलं नाही. काकी बाहुली हातात घेऊन तिच्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

पुढे आठवडाभर मला वाटत राहिलं की काकींनी बोलायला नको होतं. बातमी वाडीभर पसरली ती त्यांना हवी होती तशी पसरली नाही. काका दारूडे नाहीत हे लोकांनी मान्य केलं आणि लगेच दुसरं सुरू झालं. नवऱ्याला ॲसिड पाजलं. चुकून कसं होईल? आणि इतकी वर्षं लपवलं कसं? काकांच्या मोठ्या वहिनी तर नळावर सगळ्यांदेखत बोलल्या, असल्या बाईच्या हातचं पाणी कोण पिणार. कोकमाचं सरबत करून काकी शेजारी द्यायच्या, ते दोन घरांनी परत पाठवलं. त्या बाहेर पडेनाशा झाल्या. दिवसभर मागच्या अंगणात बसून धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धूत राहायच्या. मी बँकेतून फोन करायची तेव्हा आता फिनेलचं विचारत नसे. त्या फोन उचलतात का, एवढंच बघत असे.

एकदा काकी मागे असताना मी काकांना विचारलंच. तुम्ही तेव्हा खोटं का सांगितलंत?

 त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोलिसांनी तिका न्हेली असती," ते म्हणाले. "मगे माका पेज कोणी घातली असती?" आणि ते हसले. त्यांचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलायचे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मोठे भाऊ आले. मी त्यांना या अंगणात कधी बघितलं नव्हतं. छत्री मिटून ते पायरीखालीच उभे राहिले, वर आले नाहीत. काका खुर्चीतून उठले. दोघं एकमेकांसमोर उभे होते.

"यंदा गणपतीक ये," मोठे भाऊ शेवटी म्हणाले. "पूजेक तूच बस."

काका काहीतरी बोलले. ते भावाला ऐकू गेलं नाही. त्यांना पायरी चढून वर यावं लागलं, काकांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"ती पण येतली," काका म्हणाले.

मोठे भाऊ खाली बघायला लागले. "बायलमाणसांचा माका काय सांगता येवचा नाय."

"मगे माझा पण सांगता येवचा नाय."

मोठे भाऊ पायरी उतरले. मग छत्री घेऊन निघून गेले. काकी दाराआड होत्या. त्या बाहेर येऊन नवऱ्यावर चिडल्या. "जावचा होता. माझ्यापायी कित्या?" काकांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे विषय संपला.

चतुर्थीच्या सकाळी मी सईची वेणी घालत होते. फाटकाशी कोणीतरी उभं होतं. मोठ्या वहिनी. नवी साडी, हात करंज्यांच्या पिठाने भरलेले, तशाच उठून आलेल्या. त्या आत आल्या नाहीत. फाटकातूनच काकींच्या दाराकडे न बघता म्हणाल्या, "नेवऱ्या करूक हात कमी पडतत. येतंस मा?" आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागल्या. त्यांना कोणी पाठवलं होतं की त्या स्वतःहून आल्या, ते मला कधी कळलं नाही. काकी हात पुसत आतून आल्या तेव्हा वहिनी वळणावर पोचल्या होत्या, आणि तिथे थांबल्या होत्या.

काका-काकी दोघं गेली. संध्याकाळी आरतीला मी सईला घेऊन खाली गेले. मूळ घराची ओसरी माणसांनी भरून गेली होती. काका सोवळं नेसून मूर्तीसमोर बसले होते. सगळे मोठ्याने म्हणत होते, काकांचे नुसते ओठ हलत होते. आरती संपली. टाळ वाजवून, ओरडून सगळे घामाघूम झाले होते. आतून बायका पाण्याचे पेले भरत होत्या. मोठ्या वहिनींनी भरलेलं तबक उचललं, क्षणभर थांबल्या आणि ते काकींच्या हातात दिलं.

काकी तबक घेऊन ओसरीच्या उंबऱ्यात आल्या. बोलणं थांबलं. रिक्षावाला होता, बँकेतली ती बाई होती, सगळी वाडी होती. पेले एकमेकांवर किणकिणत होते. पुढे बसलेल्या माणसाने उगाच उपरण्याने तोंड पुसलं. कोणी हात पुढे केला नाही. मी उठले, पण मी मागे होते आणि मधे माणसं होती.

मोठे भाऊ उठून आले. त्यांनी तबकातला एक पेला घेतला आणि तिथेच, उभ्या उभ्या, मान वर करून पाणी प्यायले. एका दमात. काकी त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या, शेवटचा घोट खाली जाईपर्यंत.

पाणी संपल्यावर त्यांनी रिकामा पेला पुढे केला.

"आणि जरा दी," ते म्हणाले.